कॅम्पेन लिंकसाठी एकच तक्ता: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुस्तकविक्रीच्या एका संकेतस्थळासाठी आम्ही पाच जण मार्केटिंगचे काम पाहतो. गेले आठ महिने आमची प्रत्येक कॅम्पेन लिंक (जाहिरात, ईमेल किंवा एसएमएसमध्ये द्यायचा संकेतस्थळाचा पत्ता) गूगल शीट्समधल्या एकाच सामायिक तक्त्यातून तयार होते. त्याआधीच्या दिवाळीत प्रत्येक जण यूटीएमचे टॅग, म्हणजे वाचक कुठून आला हे कळावे म्हणून लिंकला जोडायचे शब्द, आपापल्या सवयीने हाताने लिहीत असे. महिनाअखेरीस संकेतस्थळावरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा अहवाल उघडला, तेव्हा फेसबुक तीन ओळींत विखुरलेले दिसले: एकीत पहिले अक्षर कॅपिटल, दुसरीत सगळी अक्षरे स्मॉल आणि तिसरीत नुसते ‘एफबी’. टॅगमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी धरली जातात, हे आम्हाला ठाऊक होते, पण घाईत ते कोणीच पाळले नव्हते. ईमेलची गत त्याहून वाईट झाली. मीडियमच्या (भेट कोणत्या प्रकारच्या माध्यमातून आली हे सांगणाऱ्या टॅगच्या) जागी ‘न्यूजलेटर’ लिहिल्यामुळे त्या भेटी ईमेल चॅनेलमध्ये न जाता ‘अनअसाइन्ड’मध्ये, म्हणजे वर्गवारी न झालेल्या भेटींत, जाऊन बसल्या. एकदा नोंदला गेलेला टॅग मागाहून बदलता येत नाही, त्यामुळे दोन दिवस बसून सगळे आकडे हाताने जुळवावे लागले.

नव्या तक्त्यात सोर्स (भेट नेमकी कुठून आली, जसे फेसबुक) आणि मीडियम ड्रॉपडाउनमधूनच निवडावे लागतात. यादीबाहेरचे नाव तक्ता स्वीकारत नाही. कॅम्पेनच्या नावात आधी वर्ष व महिना आणि मग विषय येतो. सूत्र सगळी अक्षरे स्मॉल करते, रिकाम्या जागी जोडरेघ घालते आणि शेवटच्या रकान्यात पूर्ण लिंक देते. यादीत नवे नाव घालण्याचा अधिकार एकाच सहकाऱ्याकडे आहे, आणि माझ्या मते या पद्धतीचे निम्मे यश त्यातच आहे, कारण सूत्र अक्षरे सुधारते, पण ‘एफबी’ आणि ‘फेसबुक’ एकच आहेत हे त्याला कळत नाही.

पहिल्याच महिन्यात एक उणीव ध्यानात आली. कोणीतरी दुसरीकडून कॉपी केलेला सेल तसाच पेस्ट केला आणि त्या जागेचे ड्रॉपडाउनच पुसले गेले. तेव्हापासून सूत्रांचे रकाने आम्ही प्रोटेक्ट केले आहेत, आणि बाकी ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरून केवळ मजकूर पेस्ट करायचा, असा नियम केला आहे.

कॅम्पेनची नावे मराठीत असावीत, असा एका सहकाऱ्याचा आग्रह होता आणि मनातून मलाही ते हवे होते. परंतु देवनागरीचे प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचे होते, त्यामुळे ‘दिवाळी’ एवढा एक शब्द ५४ अक्षरे व्यापतो. एसएमएसमध्ये ते परवडण्यासारखे नव्हते. शेवटी टॅग रोमन लिपीत ठेवले आणि मराठी नावासाठी शेजारी स्वतंत्र रकाना केला. बैठकीत आम्ही तोच वाचतो.

लिंक बाहेर पाठवण्यापूर्वी ती स्वतः उघडून रिअल-टाइम अहवालात पाहणे आम्ही सक्तीचे केले आहे आणि त्याचा फायदा वारंवार झाला. एकदा पत्त्यातल्या हॅशच्या खुणेनंतर टॅग जोडले गेले होते, त्यामुळे त्यांची नोंदच होत नव्हती. दुसऱ्या वेळी रीडायरेक्टमध्ये (एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्या पत्त्याकडे जाताना) सगळे टॅग गळून पडले होते. जाहिरातींचे काम पाहणारी बाहेरची संस्था काही आठवडे स्वतःच्याच लिंक वापरत राहिली. आता कामाच्या कार्यादेशातच ‘आमच्या तक्त्यातील लिंकच वापरावी’ असे लिहिलेले असते.

एका बाबतीत मात्र तक्त्याचा उपयोग होत नाही. वाचक ईमेलमधून पुस्तकाचे पान उघडतो, वरचा पत्ता टॅगसकट कॉपी करून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि पुढच्या सगळ्या भेटी ईमेलच्या नावावर जमा होतात. त्यासाठी ईमेल सेवेत मोजलेले क्लिक आणि ॲनालिटिक्समधली सत्रे (संकेतस्थळाला दिलेल्या भेटी) आम्ही दर सोमवारी शेजारी ठेवून पाहतो. सत्रे क्लिकपेक्षा बरीच जास्त भरली, तर लिंक पुढे पाठवली गेली असावी असे धरून त्या आठवड्याच्या नोंदीत तसा शेरा लिहितो.