भूमध्य समुद्राचा फुकट अंदाज: भरती आली, फाइल मात्र नीट निवडा

कोपर्निकस मरीन या युरोपियन युनियनच्या समुद्र-माहिती सेवेचा भूमध्य समुद्राचा अंदाज, म्हणजे संगणक-मॉडेलने काढलेली पाण्याची उंची, प्रवाह वगैरे, फुकट मिळतो. खाते उघडा, त्यांची पायथन टूलबॉक्स बसवा, हवा तेवढाच तुकडा कापून देणाऱ्या ‘सबसेट’ला अक्षांश-रेखांश आणि तारखा द्या, नेटसीडीएफ (आकड्यांच्या जाळीची) फाइल हातात. जाळीची चौकट सुमारे ४ किमीची, खोलीचे थर १४१, अंदाज १० दिवसांचा. गोव्यात दोनापावला-ताळगावात समुद्रशास्त्र शिकणाऱ्यांना सरावाला यापेक्षा चांगला माल क्वचितच मिळेल.

खरी किंमत आहे ती भरतीची. भरतीविना चाललेल्या मॉडेलमधल्या पाण्याच्या उंचीत मागाहून भरतीचा तक्ता मिळवता येतो, पण घुसळण मिळवता येत नाही. जिब्राल्टरजवळच्या कामारिनाल उंबरठ्यावर (समुद्रतळाच्या उंचवट्यावर) वरून आत येणारे अटलांटिकचे पाणी आणि तळातून बाहेर पडणारे जास्त खारट पाणी भरतीच घुसळते. भूमध्याच्या या मॉडेलमध्ये भरतीचे एम२, एस२, एन२, के२, के१, ओ१, पी१, क्यू१ असे आठ घटक (चंद्र-सूर्यामुळे होणारी, ठरावीक चक्रांची चढउतार) आतच आहेत. अटलांटिकच्या उघड्या सीमेवरून भरती आत सोडतात आणि चंद्र-सूर्याची ओढ सगळ्या पाण्यावर लावतात. हे दुसरे टाळून चालत नाही, कारण अरुंद तोंडातून बाहेरची भरती फारशी शिरतच नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर ती काही सेंटीमीटरच. ट्युनिशियाजवळच्या गाबेसच्या आखातात आणि उत्तर एड्रियाटिकमध्ये मात्र ठळक. मुरगावचे दोन मीटरचे उधाण बघितलेल्याला पहिला आलेख बिघडलेलाच वाटेल.

चुका होतात त्या वापरताना. फाइलमधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आलेखात नकळत भारतीय वेळ घुसली की सगळे साडेपाच तास सरकते, आणि एम२ या चंद्राच्या मुख्य घटकाचे चक्र १२.४२ तासांचे! जवळजवळ अर्धे चक्र गेले. भरतीच्या जागी सुकती दिसते आणि खापर मॉडेलवर फुटते.

तासवार उंचीची २४ तासांची सरासरी काढून ‘भरती गेली’ म्हणू नका. एम२चा सुमारे साडेतीन टक्के आयाम (मधल्या पातळीपासूनची चढ) उरतो. ५० सेंटीमीटरच्या आयामात पावणेदोन सेंटीमीटर, आणि तोही १४.८ दिवसांची खोटी लाट बनून. भरती काढलेली दैनिक फाइल वेगळी मिळते, ती घ्या. उलट घटक वेगळे करायचे असतील तर तासवारच हवी: एम२-एस२ला १५ दिवस पुरतात, एम२-एन२ला २८, के१-पी१ला मात्र सहा महिने. महिनाभराच्या फाइलवरून पी१ छापणारे अहवाल बाजूला ठेवावेत.

उपग्रहाच्या उंचीशी ताडताना मॉडेलमधली भरती आधी वजा करा, कारण उपग्रहाच्या तयार आकड्यांतून ती काढलेली असते. भरती-तक्त्याशी ताडताना दोन्हींतून सरासरी वजा करा. तक्त्याचा शून्य वेगळा.

इटली आणि सिसिलीमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीतल्या आकड्यांवर विसंबू नका. ती सर्वात अरुंद जागी जेमतेम ३ किमी, चौकट ४ची. तीच जाळी मांडवीवर टाकली तर पणजी आणि बेती एकाच घरात बसतील.

आणि हीच सेवा गोव्यासाठी वापरताना जागतिक मॉडेलच्या मूळ उंचीत भरती शोधू नका. तिथे ती घातलेलीच नाही. मुरगावसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचा भरती-तक्ता हाताशी ठेवा.