दुःखात वाचायला 'कम्प्लीट ज्यूइश बायबल'

डेव्हिड स्टर्न यांचे हे इंग्रजी भाषांतर १९९८चे. येशूला मसीहा मानणाऱ्या यहुद्यांच्या नजरेतून केलेले, म्हणून येशूचा 'येशुआ' होतो आणि क्रूसाचा 'वधस्तंभ'. ग्रंथांचा क्रमही हिब्रू परंपरेचा: स्तोत्रे, ईयोब, विलापगीत जुन्या कराराच्या शेवटच्या भागात सापडतात.

शोकात असणाऱ्याने पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. नियमशास्त्रातच, म्हणजे पहिल्या पाच ग्रंथांतच, दम जातो. स्तोत्र २२ घ्या, मोठ्याने, पूर्ण. "तू मला का सोडलेस?" इथेच थांबलात तर उत्तरार्धातली स्तुती हुकते, आणि सांत्वन तिथेच आहे. मग यशया ५३, नंतर रोमकरांस पत्र ५:३-५, जिथे क्लेशातून धीर आणि धीरातून आशा उगवते. स्तोत्र ८८ मात्र एकट्याने रात्री वाचू नका, त्याचा शेवट अंधारातच होतो. तरी असे रडगाणे पवित्र ग्रंथात ठेवले आहे, हाच केवढा आधार!

मराठी बायबल शेजारी ठेवणार असाल तर सांभाळा: स्टर्न यांच्या भाषांतरात स्तोत्राचा मथळा बहुधा पहिली ओवी धरतात, त्यामुळे आकडे एक-दोनने पुढे सरकतात. इतर बायबलांतला नेहमीचा क्रमांक कंसात दिलेला असतो. हिब्रू नावे अडली तर मागचा शब्दकोश उघडा.