सांगलीत घर: तयार फ्लॅट की प्लॉट घेऊन बांधकाम?

सांगलीत घर बघताना भावाच्या आधी पाण्याचं विचारा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. माझ्या मावशीच्या तळमजल्यावर त्या पाण्याची तपकिरी रेघ तीनदा रंग मारूनही वर येते. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कोरडा राहतो खरा, पण मोटर, मीटर, गाड्या खालीच असतात, आणि दुरुस्तीची वर्गणी सगळ्यांना पडते. प्लॉटवर जोतं किती उचलायचं ते आपण ठरवतो. भरावाच्या मुरमाचा खर्चही आपलाच.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही, असा पालिकेचा दाखला) मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, आणि कर्जाचा पूर्ण हप्ता लगेच सुरू होतो. बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं: जोतं, स्लॅब, गिलावा. तोवर व्याजही भरायचं आणि घरभाडंही. मुद्रांक शुल्काचे पैसे दोन्हीकडे खिशातून काढावे लागतात. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर त्यात 1 टक्का सवलत आहे, ती सोडू नका.

एक कळकळीने सांगते. स्वस्त मिळतो म्हणून बिगरशेती नसलेला गुंठा घेऊ नका. सातबाऱ्यावर सामाईक नावं लागतात, बांधकाम परवाना अडतो, बँका हात आखडतात.

दोघंही नोकरीला जात असाल तर मी फ्लॅटच घ्या म्हणेन. गवंड्यासमोर रोज उभं राहणारं घरात कुणी असेल, तरच प्लॉट.