थिवी स्टेशनाबाहेरची 250 रुपयांची स्कूटी

एका स्टिकरखालच्या तड्यापायी माझे 9,000 रुपये गेले. त्यातले शेवटचे 5,000 तर मी माझ्या हाताने स्कूटी भाड्याने देणाऱ्याच्या मोबाईलवर पाठवले. खरा आकडा अजून थोरल्या भावाला सांगितलेला नाही. तरी इथे लिहितोय, कारण मे महिना आला की आपल्याकडची माणसं पुन्हा गोव्यात थिवीला उतरणार आणि तो तिथे उभाच असणार.

मी अडाणी नाही. पतसंस्थेत 26 वर्षं हिशेब लिहिलेत. स्वस्त म्हणून कुठेही धावणारा माणूस नाही मी. पण कोकणकन्येने सकाळी उतरलो तेव्हा टॅक्सीवाल्याने कळंगुटपर्यंत 1,400 सांगितले, एक रुपया कमी करेना. चिपळूणहून चौघांची तिकिटं त्याहून कमी पैशांत झाली होती. ओला-उबर तिथे नाहीत. तीन दिवस असं फिरायचं म्हटलं तर खिशाला परवडणारच नव्हतं.

मग हा आला. "कुठले काका? चिपळूण? माझी आत्या खेर्डीत दिलीय." खेर्डी म्हणजे आमच्या घरापासून हाकेवर. तिथेच मी गाफील झालो. बाकीचे दिवसाला 400-450 मागत होते, हा 250 म्हणाला. दोन स्कूट्या, तीन दिवस, भाडं 1,500. गाडीमागे 2,000 डिपॉझिट, म्हणजे 4,000. शिवाय माझं आणि भाच्याचं मूळ आधार कार्ड. झेरॉक्स देतो म्हटलं तर म्हणाला, "कार्ड सगळेच ठेवतात काका." ठेवत असतील. तुम्ही देऊ नका. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं 'ओके' आलं.

नंबरप्लेट पांढरी होती. भाड्याने द्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, हे मला माहीत होतं आणि मी विचारलंही. "घरचीच गाडी आहे. कोणी अडवलं तर मित्राची म्हणा." हे ऐकून तिथेच पाठ फिरवायला हवी होती. नाही फिरवली.

पण रात्री झोप उडते ती यामुळे नाही. एका गाडीच्या पुढच्या एप्रनवर, हेडलाइटखाली, लाल ज्वाळांचा वीतभर स्टिकर होता. गाडी जुनी, रंग विटलेला, आरशाची दांडी गंजलेली, आणि स्टिकर मात्र कोराकरकरीत. एका कोपऱ्याला वरची प्लास्टिकची झिल्लीसुद्धा तशीच. फोटो काढताना मी त्यावरून बोट फिरवलं. मधोमध काहीतरी बोटाला अडलं, खाली उभी रेघ असावी तसं. मी थांबलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." नख लावून कोपरा उचलायला किती वेळ लागला असता? पण आपल्या गाववाल्यासमोर त्याच्या गाडीचा स्टिकर कसा उचकटायचा, ही भीड. भीड भिकेची बहीण, असं आई सांगायची. तो सबंध क्षण मला अजून बोटाच्या टोकाला जाणवतो.

तीन दिवस गाड्या नीट चालल्या. पडलो नाही, घसरलो नाही. एकदा रस्त्यात पोलिसाने अडवलं, 'मित्राची' म्हटल्यावर सोडलं.

स्कूट्या परत देताना आमच्या रेल्वेला पाऊण तास उरला होता. ही वेळ त्यानेच लावली. आम्ही दुपारीच देतो म्हणत होतो, तो "मी बाहेर आहे" म्हणत राहिला. लक्षात ठेवा, गाडी परत द्यायची वेळ तुम्ही ठरवा. आला तेव्हा बरोबर आणखी दोघं. आमच्याकडे पाठ करून तो खाली वाकला आणि उठून म्हणाला, "काका, हे काय केलं?" स्टिकर नाही, त्या जागी वीतभर तडा. बायकोने त्याच्या मुठीत लाल चुरगळा पाहिला. तसं म्हटल्याबरोबर दुसरा अंगावर आला. एप्रनचे 4,800, रंगाचे 1,700, गाडी पाच दिवस गॅरेजला म्हणून दिवसाला 500 प्रमाणे 2,500. मला 250 ला दिलेली गाडी नुकसान मोजताना 500 ची झाली! एकूण 9,000. डिपॉझिट वळतं करून उरलेले 5,000 दिल्यावरच आधार कार्डं हातात आली. भाडं धरून 10,500.

बाकीच्यांना रेल्वेत बसवून मी मागे राहिलो. सोडणार नव्हतो. पहिल्या चौकीत सांगितलं, हद्द आमची नाही. दुसरीकडे दोन तास बाकावर बसवून म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? दिवाणी मामला आहे." फोटो दाखवला. साहेबांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "यात तडा दिसत नाही. म्हणजे घेताना गाडी चांगली होती." माझाच पुरावा माझ्यावर उलटवला! स्टिकर दिसतोय ना साहेब? "स्टिकरखालचं फोटोत येत नाही." वर धमकी, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतलीत, तुमच्यावरच कारवाई करू का? परवान्याशिवाय गाडी भाड्याने दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192-ए खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आहे. गाडीचा नंबर, त्याचा फोन, पैसे गेलेलं खातं, सगळं मी टेबलावर ठेवलं होतं. आणखी काय हवं होतं, माणूस मी धरून आणायचा? वाहतुकीच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, तर पोच द्यायला शिक्का मारणारा जागेवर नाही. तीन खिडक्या फिरलो आणि प्रत्येकाने बोट दुसऱ्याकडे दाखवलं. यांना कोणाचं काही पडलेलं नाही, दुसरं काही नाही.

त्या दिवशी मी बसनेच फिरलो. म्हापशाहून पणजीला कदंबची, म्हणजे सरकारी, बस आहे, कळंगुटलाही म्हापशाहून बस मिळते. एकट्या माणसाला मोटारसायकलवाले पायलट आहेत, भाडं बसण्याआधी ठरवायचं. बेतीला मांडवी ओलांडायची तर फेरीबोटीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत. हे मी पहिल्या दिवशी का नाही केलं?

गाडी घ्यायचीच असेल तर काळी पाटी बघा आणि आरसी बुकावरचं नाव वाचा. फोटो नको, देणाऱ्याच्या आवाजासकट व्हिडिओ काढा, स्टिकर उचलून.

अर्जाला महिना होऊन गेला, उत्तर नाही. परवा त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस पाहिलं. 'गाड्या 250 पासून.' फोटोत तीच स्कूटी, तोच नंबर. 4,800 चा एप्रन बदललेलाच नाही. त्यावर नवा स्टिकर आहे, या वेळी हिरवा. स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडला आणि काल स्पीड पोस्टाने पुन्हा पाठवला.