कर्नाळा की फणसाड? पायी जंगल पाहणाऱ्यांसाठी

रायगड जिल्ह्यात पायी हिंडता येईल असं जंगल म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक पनवेल-पेण रस्त्यावरचं कर्नाळा आणि दुसरं मुरुड-रोह्याकडचं फणसाड. दोन्ही अभयारण्यंच. व्याघ्र प्रकल्पासारखी जिप्सीची सक्ती दोन्हीकडे नाही. वन खात्याच्या नाक्यावर नोंद करायची आणि वाटेला लागायचं. माझा कल फणसाडकडे आहे. तरी कर्नाळ्याचं जे आहे ते आधी सांगायला हवं.

१९६८ साली अभयारण्य झालेलं कर्नाळा सुरुवातीला साडेचार चौरस किलोमीटरच्या आत होतं, नंतर ते बाराच्या पुढे गेलं. एवढ्याशा जागेत पक्ष्यांची जी विविधता आहे तिला तोड नाही. एसटी थेट फाटकाशी उतरवते, म्हणजे गाडी नसली तरी अडत नाही. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर ‘हरियाल’ ही निसर्गवाट पुरे. सावकाश चालत दोन तास सहज जातात. ‘मोरटाका’ लांब आहे, पण मला विचाराल तर तीच जास्त चांगली. कर्नाळा किल्ल्याची चढण वेगळी. सुळक्याच्या कडेवर आग्या मोहोळं असतात, म्हणून त्या बाजूला अत्तर, धूर, आरडाओरडा यातलं काहीही नको. माश्या उठल्या की अरुंद वाटेवर पळायलाही जागा उरत नाही. पावसात किल्ल्याच्या वाटेवर बंदी येऊ शकते, तेव्हा नाक्यावर आधी विचारलेलं बरं.

कर्नाळ्याचा खरा मोसम पावसाळा. तिबोटी खंड्या, हा रायगडचा जिल्हा पक्षी, जूनच्या सुमाराला विणीसाठी इथे येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. त्याला पाहायला जाणाऱ्यांनी एक खूण पक्की ध्यानात ठेवावी: चोचीत पाल किंवा बेडूक धरून पक्षी फांदीवर बसलाय, मान वरखाली करतोय, पण बिळात शिरत नाही, याचा अर्थ आपण फार जवळ आहोत. लगेच मागे सरावं, बिळाच्या थेट रेषेतून बाजूला व्हावं. एक फोटो, आणखी एक फोटो करत माणसं तासभर तिथेच थांबली तर तेवढा वेळ पिल्लं उपाशी राहतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं विणीच्या काळात तर मुळीच नको. तो खाद्य आणायचं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावत बसतो.

आता माझ्यापुरता निर्णय जिने झाला ती गोष्ट. मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळा अभयारण्याच्या आतून जातो. चढावर ट्रक गिअर बदलतात, वळणावर हॉर्न वाजतात, आणि हे पहाटेपासून चालू असतं. दाट जंगलात पक्षी आधी कानाला सापडतो, डोळ्याला नंतर. मलबारी कर्णा फांदीवर इतका निश्चल बसतो की आवाज आला नाही तर तो चार हातांवर असूनही दिसत नाही. पाचू कवड्याचं घुमणं खालच्या पट्टीतलं, आणि ट्रकची घरघरही नेमकी त्याच पट्टीत. तिबोटीची बारीक शिट्टी त्यातून सुटते, शीळकरी कस्तुराची शीळ तर ओढ्याच्या खळखळाटावरही मात करते. पण हलक्या, घुमणाऱ्या आवाजांचे पक्षी रस्त्यापायी हातचे जातात. डोंगराच्या सोंडेआड गेलं की आवाज बराच कमी होतो, मोरटाका आवडण्याचं कारण तेच. मात्र पूर्ण थांबला असं मला कधी वाटलं नाही. कुणाला याचा त्रास होत नसेलही, आणि तसं असेल तर माझं अर्धं म्हणणं त्यांनी सोडून द्यावं. साप आणि बेडूक याच रस्त्यावर चाकांखाली जातात ही गोष्ट मात्र आवडीनिवडीची नाही. गाडीने जाणाऱ्यांनी त्या टप्प्यात वेग आणि हॉर्न दोन्ही आवरावेत, विशेषतः पहिल्या पावसाच्या रात्री.

फणसाड पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र कर्नाळ्याच्या कितीतरी पट, आणि आतली शांतता तशीच मोठी. इथे शेकरू आधी ऐकू येते, मग मान वर करून शोधायची. तिचं पानाकाटक्यांचं घरटं उंच झाडाच्या टोकाकडच्या फांद्यांत असतं. झाडावर चढलेली गारंबीची वेल आणि तिच्या हात-हात लांब शेंगा इथे पाहायलाच हव्यात. भेकर, सांबर, पिसोरी, बिबट्या सगळे आहेत, पण दिसतीलच अशा आशेवर जाऊ नये.

फणसाडचा जीव आहे तो ‘गाणां’त. जंगलातल्या पाणथळ जागांना इथे गाण म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. फेब्रुवारीपासून बाकीचे ओढे आटत जातात तसं सगळं रान या पाण्याकडे सरकतं. म्हणून फेब्रुवारी ते मे हा काळ पाहण्यासाठी सर्वांत चांगला, आणि माणसाच्या चुकीची किंमतही तेव्हाच सर्वांत जास्त. दुपारी तुम्ही काठावर बसून राहिलात तर तहानलेलं भेकर मागच्या मागे परततं, आणि दुसरं पाणी त्याला जवळपास मिळेलच असं नाही. काठापासून निदान तीस पावलं मागे, झाडाच्या सावलीत, मळकट कपड्यांत, वारा पाण्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसावं. अर्धा-पाऊण तास झाला की उठावं. पाय धुणं, तोंडाला साबण लावणं, डबा विसळणं हे पाण्यात नाहीच. सनस्क्रीन किंवा डास पळवणारं मलम लावलेला हातही बुडवू नये. उन्हाळ्यात पाणी थोडं असतं आणि बेडकांची पिल्लं त्वचेतूनही ते शोषतात. काठची ओली माती तुडवू नये, कारण फुलपाखरं तिथेच क्षार शोषायला थव्याने बसतात. पाऊल टाकण्याआधी खाली बघितलं तरी पुरे.

आणखी एक काम घरीच करायचं. कोकणातल्या रानांत रानमोडी नावाचं तण माजलं आहे आणि त्याचं केसाळ बी मोज्यांना, बुटांच्या नाड्यांना, बॅगेच्या पट्ट्यांना चिकटून प्रवास करतं. एका जंगलातून दुसऱ्यात जाण्याआधी बुटांचे तळ ब्रशने घासावेत, मोजे उलटे करून झटकावेत. ‘निसर्ग’ चक्रीवादळात, जून २०२० मध्ये, फणसाडची पुष्कळ झाडं उन्मळली. आडवी पडलेली खोडं सरपणासाठी नाहीत. त्यांत वाळवी, सरडे, सुतारपक्षी असा सगळा पसारा नांदतो. त्यांवर बसण्याआधी काठीने टकटक करावी. फुरसं अशाच जागी विसावतं.

फणसाडची गैरसोयही सांगतो. सुपेगावच्या नाक्यापर्यंत स्वतःची गाडी असलेली बरी, एसटीच्या वेळा जंगलाच्या वेळांशी जुळत नाहीत. आत मोबाइलला रेंज नसते, फाटे पुष्कळ आणि एकसारखे दिसणारे, म्हणून स्थानिक वाटाड्या घ्यावाच. ते पैसे गावात राहतात हेही महत्त्वाचं. रानाच्या असण्यातून घर चालतं तेव्हा वणवा विझवायला गाव आधी धावतं. माणशी तीन लिटर पाणी न्यावं. पावसाळ्यानंतरच्या गवतात गोचिडं असतात, तेव्हा पँट मोज्यात खोचावी. कर्नाळ्यात यातलं बहुतेक काही करावं लागत नाही. तिथला त्रास माकडांचा: खाऊ हातात दिसला की ती येतातच, आणि खाऊ दिला की पुढच्या माणसाच्या हातातून हिसकावतात.

मुंबईहून अर्धा दिवसच असेल, सोबत शाळकरी मुलं असतील किंवा तिबोटीचा मोसम असेल, तर कर्नाळाच बरं, आणि शक्यतो रविवार सोडून. हिवाळ्यापासून मेपर्यंत दोन दिवस निघत असतील तर मी फणसाड सुचवेन. आदल्या संध्याकाळी सुपेगावला मुक्काम करावा, म्हणजे उजाडताना चालायला सुरुवात होते आणि ऊन चढायच्या आत गाणापासून परत फिरता येतं. वन खात्याची राहण्याची सोय आहे, पण आधी फोन केल्याशिवाय निघू नये. मुंबईकरांना परतताना रविवारी संध्याकाळी वडखळची कोंडी लागते, म्हणून जेवण उरकून दुपारीच निघावं. पुण्याहून येणाऱ्यांना ताम्हिणी-कोलाड-रोहा रस्ता सोयीचा.