पाचशे पानांची पंगत: स्टीलचं ताट, केळीचं पान की बगॅसची प्लेट?

कार्य पर्यावरणपूरक करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली चर्चा सजावटीची होते. पण जेवणावळीच्या कार्यात कचऱ्याचा मोठा ढीग उठतो तो ताट, वाटी, ग्लास आणि उरलेल्या अन्नाचा. म्हणून हा आढावा पंगतीचाच आहे. हिशेबासाठी पाचशे पानं (म्हणजे पाचशे जेवणारे), एप्रिल-मेमधली दुपार आणि सोलापूर शहर किंवा आसपासचं मंगल कार्यालय धरलं आहे.

थर्माकोलच्या आणि प्लॅस्टिकच्या प्लेटांचा विचारच नको. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून त्यांवर बंदी आहे. राज्याच्या नियमात पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड आहे. आतून चांदीसारख्या चकाकणाऱ्या कागदी पत्रावळीही बाद धरा. त्यांच्या कागदावर प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेला असतो. एक पत्रावळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी कागदाचा लगदा होतो आणि पापुद्रा अख्खा हातात येतो. वाळलेल्या पानांच्या मशीनवर दाबलेल्या पत्रावळींच्या पाठीलाही कधी कधी असाच थर असतो, तेव्हा पाठ नखाने खरवडून बघा. कागदी कप आतून प्लॅस्टिकचे असतात, त्यामुळे तेही याच रांगेत.

आता राहिले तीन पर्याय: स्टीलचं ताट, केळीचं पान आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची प्लेट.

| | स्टील | केळीचं पान | बगॅस |
|---|---|---|---|
| मागवायचे नग | पंगतीला ३००, बुफेला ५५० | ६०० | ६२५ |
| पाणी | सुमारे १,००० लिटर | पानं पुसण्यापुरतं | जवळपास नाही |
| जादा माणसं | घासायला ५ | पानं पुसायला-कापायला २ | डब्यांपाशी २ |
| मागे काय उरतं | खरकटं आणि धुवण | पानं आणि खरकटं | सुमारे साडेपंधरा किलो प्लेटा आणि खरकटं |

स्टील

सोलापुरात स्टीलला नकार मिळतो तो पाण्याच्या नावाखाली. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मग हजार-हजार भांडी कशाने धुवायची, हा प्रश्न रास्तच आहे. पण पाणी किती लागणार हे धुण्याच्या पद्धतीवर ठरतं. नळ सोडून घासलं तर एका संचाला (ताट, दोन वाट्या, ग्लास, चमचा) अर्धा मिनिट धार चालते, म्हणजे चार-पाच लिटर पाणी. पाचशे संचांना दोन-अडीच हजार लिटर गेलेच.

तीन टाक्यांची रांग लावली तर हेच काम हजार लिटरमध्ये होतं. प्रत्येकी १०० लिटरच्या तीन टाक्या घ्या. त्यांच्या आधी एक टेबल ठेवा आणि त्यावर रबरी पट्टीने खरकटं कोरडंच घमेल्यात ओढून काढा. ही पायरी वगळली की पहिल्या टाकीची वीस संचांतच आमटी होते. पहिल्या टाकीत कोमट पाणी आणि साबण, दुसरीत साधं पाणी. तिसऱ्या टाकीत १५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर आधी बादलीत विरघळवून वरचं निवळ पाणी ओता आणि भांडी मिनिटभर बुडवा. दर पासष्ट संचांनंतर पहिली टाकी रिकामी करा, दुसरीचं पाणी पहिलीत घ्या, तिसरीचं दुसरीत, आणि ताजं पाणी फक्त तिसरीत भरा. सुरुवातीचे ३०० लिटर आणि नंतर सात वेळा १००, असा तो हजाराचा हिशेब आहे.

पहिल्या टाकीतलं पाणी कोमटच हवं. इथल्या भाज्यांत शेंगदाण्याचं कूट आणि वर तर्री असते. गार पाण्यात हे तेल ताटाला धरून राहतं, मग साबण दुप्पट आणि पाणी तिप्पट लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर फेस होत नाही आणि घासणारा साबण ओततच राहतो. अशा ठिकाणी पहिल्या टाकीपुरतं तरी टँकरचं गोडं पाणी घ्या. धुतलेली ताटं कापडाने पुसू नका, कारण एकच ओला फडका सगळ्या ताटांना फिरतो. जाळीवर उभी करून उन्हात ठेवली की आपल्याकडच्या दुपारी दहा मिनिटांत कोरडी होतात.

पाच माणसांची रांग तासाला साधारण दीडशे संच काढते. सव्वाशे पानांच्या चार पंगती, प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या, असं वेळापत्रक असेल तर ३०० संचांत भागतं, कारण तिसऱ्या पंगतीपर्यंत पहिलीची बहुतेक ताटं धुऊन परत आलेली असतात. बुफे असेल तर ही साखळी तुटते. अक्षता पडल्या की तासाभरात सगळे पाचशे जण ताट मागतात, त्यामुळे पूर्ण संच मागवावे लागतात. भांडी परत मोजताना घट येते ती ताटांत नाही, चमच्यांत आणि वाट्यांत. त्या उष्ट्याबरोबर डब्यात जातात. ताट ठेवायच्या जागी एक माणूस उभा केला तर ही गळती थांबते आणि अनामत रक्कमही वाचते.

पाण्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. मांडवात चार मोठे कूलर पाच तास चालले तर प्रत्येकी तासाला तीस लिटर धरून सहाशे लिटर पाणी उडून जातं. धूळ बसवायला मारलेला सडा वेगळाच. कार्यासाठी ५,००० लिटरचा टँकर येणारच असेल तर त्यातले हजार लिटर भांड्यांना देणं जड नाही.

केळीचं पान

हे पान आपल्याच जिल्ह्यातलं. करमाळा तालुक्यात केळीच्या बागा मुबलक आहेत, आणि कंपोस्टच्या दृष्टीने याच्यासारखं निर्मळ दुसरं काही नाही. मात्र ते बसून जेवायच्या पंगतीलाच चालतं. हातात धरून फिरायच्या बुफेला त्याचा उपयोग नाही.

पानं कार्याच्या आदल्या संध्याकाळी कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची. सकाळी कापून उघड्या टेम्पोतून आणली तर दुपारपर्यंत कडा करपतात आणि मधल्या शिरेपाशी पान फाटतं. फाटक्या पानांसाठी शंभर जादा धरा. पातळ आमटीसाठी वाटी लागतेच, आणि तिथे अनेक घरं नकळत प्लॅस्टिकच्या वाटीकडे वळतात. पळसाचे द्रोण घ्या, पण आधी त्यांत गरम आमटी ओतून वीस मिनिटं ठेवून बघा. झिरपत असतील तर दोन एकात एक घालावे लागतील, म्हणजे नगही दुप्पट. टाके स्टेपलरच्या पिनांचे नकोत, काडीचेच हवेत. जेवणातही पिन नको आणि गुरांच्या पोटातही नको.

बगॅस

उसाचा रस काढल्यावर राहणाऱ्या चोथ्याची ही प्लेट. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ती आपली वाटते आणि बुफेला सोयीचीही आहे. खणांची मोठी प्लेट साधारण २५ ग्रॅमची असते. बुफेत लोक दुसरी प्लेट घेतात, म्हणून एकचतुर्थांश जादा मागवा.

घेताना दोन गोष्टी विचारा. तेल झिरपू नये म्हणून काही साच्याच्या प्लेटांत पीएफएएस गटाची फ्लोरिनयुक्त रसायनं घालतात, आणि ती खतातही मोडत नाहीत. ती नाहीत असं लेखी मिळेल का? आणि सोबत ‘कंपोस्टेबल’ म्हणून जे पारदर्शक ग्लास देतात ते पीएलएचे, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचे आहेत का? असतील तर ते परसातल्या खड्ड्यात मोडत नाहीत, त्यांना साठ अंशांच्या आसपास तापणारा मोठा कंपोस्ट प्रकल्प लागतो. अशा मालावर आयएस १७०८८ या कंपोस्टेबल प्लॅस्टिकच्या भारतीय मानकाचा उल्लेख आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असायला हवं.

खरी अडचण प्लेट वापरून झाल्यावर येते. बगॅसची प्लेट प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि टिश्यूबरोबर एकाच काळ्या पिशवीत गेली तर मोजलेले जादा पैसे वाया गेले. ती वेगळी गोळा होऊन खड्ड्यात जाणार असेल तरच घ्या. खड्डा दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, पाऊण मीटर खोल पुरतो. प्लेटा हाताने चार तुकडे करून टाका, वर खरकट्याचा थर, मग उसाचं पाचट किंवा वाळला पाला, आणि दर थरावर शेणकाला. सपाट प्लेटा एकावर एक रचल्या तर मधे हवा जात नाही आणि वास सुटतो. केळीच्या पानांचंही तसंच, ती कोयत्याने कापूनच टाका. आपल्या उन्हाळ्यात जास्त बिघडतं ते कोरडेपणाने. आठवडाभरात खड्डा सुकतो, कुजणं थांबतं आणि दोन महिन्यांनी प्लेटा पुठ्ठ्यासारख्या तशाच निघतात. गोणपाटाने झाका आणि चार दिवसांआड पाणी शिंपडा. मूठ दाबल्यावर ओल लागावी, पाणी गळू नये. मग दोन-तीन महिन्यांत काम होतं.

मग निवड कशी करायची

कार्यालयाला पाण्याची टाकी, भांडी घासायला ओटा आणि गटाराची जोडणी असेल, तर पंगत असो वा बुफे, स्टीलच घ्या. आमचा कौल स्पष्टपणे तिकडे आहे. शेतात किंवा वस्तीवर मांडव असेल, पाणी सगळं टँकरचं असेल, पण खड्ड्याला जागा असेल, तर पंगत मांडा आणि केळीचं पान घ्या. मोकळ्या जागेवर बुफेच करायचा असेल तर बगॅस, पण खड्डा आधी खणून. खड्डाही नाही आणि ओटाही नाही, अशा ठिकाणी तयार संच आणून उष्टे परत नेणारा भांडीवाला शोधा. धुणं त्याच्याकडे होईल.

परवानाधारक नसलेल्या जागेत शंभरावर माणसांचा कार्यक्रम असेल तर घनकचरा नियमांनुसार स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं आणि ओला-सुका वेगळा ठेवावा लागतो. कळवतानाच ओला कचरा कोणत्या वेळी उचलणार तेही विचारून घ्या.

पिण्याचं पाणी

इथे फार तोलायची गरज नाही. २०० मिलीच्या बाटल्या दिल्या तर माणशी तीन, म्हणजे दीड हजार बाटल्या, आणि बऱ्याचशा अर्ध्या भरलेल्याच टाकल्या जातात. तेवढंच पाणी २० लिटरच्या १५ जारांत येतं. जारपेक्षाही आम्हाला रांजण पसंत आहे, कारण एप्रिलची आपली हवा कोरडी असते आणि मातीतून पाझरलेलं पाणी झपाट्याने उडून आतलं पाणी गार करतं. कोकणातल्या दमट हवेत तो तितका गार करत नाही. बाहेरून रंगवलेला रांजण घेऊ नका, रंगाने छिद्रं बुजतात. नवा असेल तर आदल्या दिवशी पूर्ण भिजवा. पाणी गार व्हायला पाच-सहा तास लागतात, म्हणून रात्रीच भरा. ऐन गर्दीत भरलेला रांजण कोमटच राहतो. त्यावेळी जोडीला जार हवेतच. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी ठेवा आणि ग्लास स्टीलचेच.

उरलेलं अन्न

आचाऱ्याला आकडा देताना आमंत्रितांचा नाही, येणाऱ्यांचा द्या, आणि भात व पोळ्या शेवटच्या पंगतीपर्यंत टप्प्याटप्प्याने करायला सांगा. कुणाला द्यायचं असेल तर वाढपाला न गेलेलं, पातेल्यातलंच, वाफ निघेल इतकं गरम असताना झाकून पाठवा. दही, पनीर, बासुंदी या उन्हात कुणालाच देऊ नका. दुपारभर बाहेर राहिलेला भात नंतर गरम करूनही निर्धोक होत नाही, कारण त्यात तयार झालेलं विष उकळीने जात नाही.

गोशाळेला खरकटं टेम्पोभर पाठवायची पद्धत मात्र सोडा. भात, पोळ्या आणि गोडधोड एकदम पोटात गेलं की गाईच्या कोठीपोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी जनावर दगावू शकतं. केळीची पानं आणि भाजीची देठं तिकडे जाऊ द्या, शिजलेलं सगळं खड्ड्यात.