टाचदुखी, मुरगळलेला घोटा, लोळणारं पाऊल: पायाला कोणता आधार घ्यावा?

टाच दुखते किंवा घोटा मुरगळला म्हणून मेडिकलच्या दुकानात गेलं की काउंटरवर एका वेळी चार-पाच वस्तू येतात. सिलिकॉनचं हील पॅड, कमानीला उंचवटा असलेला इनसोल, क्रेप बँडेज, मोज्यासारखं अँकलेट, पट्ट्यांचा अँकल बाइंडर. डॉक्टरांनी “मापाचं करून घ्या” म्हटलं असेल तर खर्च शेकड्यांतून हजारांत जातो. माझं मत आधीच सांगून टाकते: कोणताही आधार पायात जितके तास राहतो तितकंच काम करतो. मऊ की कडक, तयार की मापाचा, हे त्यानंतर बघायचं. यातल्या बहुतेक वस्तू दिवसभर बूट घालणाऱ्यांसाठी बनल्या आहेत. आपण मात्र चपला दाराशी काढतो आणि घरभर फरशीवर अनवाणी फिरतो.

टाचदुखी: तयार इनसोल की मापाचा?

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताच टाचेत कळ येते, चार पावलं चाललं की ती कमी होते, आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. अशी टाचदुखी बहुतेक वेळा प्लांटार फॅशायटिसची असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. तो टाचेपाशी दुखावलेला असतो.

इथे महाग ते चांगलं हा हिशेब चालत नाही. अमेरिकेत १९९९ साली १५ केंद्रांतल्या २३६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटरी आणि तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम सगळ्यांनाच दिले होते. काहींना सोबत तयार पॅड दिलं, काहींना माप घेऊन बनवलेला इनसोल, तर काहींना फक्त व्यायाम. आठ आठवड्यांनी सिलिकॉनचं पॅड घेतलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांना बरं वाटत होतं, रबराच्या पॅडवाल्यांत ८८ टक्के, फेल्टच्या ८१, फक्त व्यायामवाल्यांत ७२ आणि मापाच्या इनसोलवाल्यांत ६८ टक्के. आठ आठवडे तसे थोडेच. पण २००६ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वर्षभर पाहिलं, तेव्हाही मापाचा इनसोल तयार इनसोलच्या पुढे गेला नाही. तीन महिन्यांपर्यंत दोन्हींचा थोडा फायदा दिसला. बारा महिन्यांनी दोन्ही गट नावापुरता मऊ इनसोल दिलेल्यांच्या बरोबरीला आले होते.

म्हणून साध्या टाचदुखीला आधी तयार पॅड किंवा इनसोल आणि रोजचे व्यायाम, हाच क्रम मला योग्य वाटतो. पावलाची कमान फार उंच आणि ताठ असेल, संधिवातामुळे बोटं किंवा पाऊल वाकडं झालं असेल, किंवा तयार इनसोल दोन-तीन महिने नेमाने वापरूनही फरक नसेल, तर मापाच्या इनसोलवर पैसे घालायला अर्थ आहे.

तयार इनसोल घेताना तो हातात धरून वाकवून बघा. चवड्यापाशी तो सहज वाकला पाहिजे, पण कमानीच्या जागी घडी पडता कामा नये. टाचेची वाटी पुरेशी खोल हवी. बुटातला जुना इनसोल काढून मगच नवा घालायचा, नाहीतर टाच वर येते आणि चालताना बुटातून निसटते. हील पॅड दुखत नसलेल्या पायातही घालायचं, म्हणजे एक पाय उंच होत नाही.

आता तासांचा हिशेब. ऑफिसात आठ-नऊ तास बूट घालणाऱ्याला इनसोलचा उपयोग होईल. पण जिचा दिवस ओट्यापाशी उभं राहण्यात जातो, तिने दोन हजारांचा इनसोल बाहेरच्या बुटात घालून ठेवला तर दिवसातले किती तास तो पायाखाली असणार? तिच्यासाठी कमानीला आधार देणारी, मागे पट्टा असलेली सँडल फक्त घरात वापरायला घेणं जास्त शहाणपणाचं आहे. ती रात्री पलंगाशी ठेवायची आणि सकाळचं पहिलं पाऊल तिच्यातच टाकायचं.

रात्री झोपताना बांधायचा स्प्लिंट, म्हणजे कडक खपली, घोटा काटकोनात धरून ठेवतो, त्यामुळे झोपेत तळव्यातला पट्टा आखडत नाही. सकाळची कळ हीच मुख्य तक्रार असेल तर महिना ते तीन महिने तो वापरायला सांगतात. झोपेत अडचण होते म्हणून अनेक जण मध्यरात्री तो काढून टाकतात. तुमची झोप सावध असेल तर हा पर्याय मागे ठेवा.

मुरगळलेला घोटा: क्रेप, ब्रेस, बूट की प्लास्टर?

आधी मोडलं तर नाही ना, ते पाहायचं. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकाशी बोटाने दाबलं की दुखतं का, करंगळीकडच्या लांब हाडाच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावर दुखतं का, आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का? कॅनडातल्या ओटावात १९९२ साली मांडलेले हे नियम आजही वापरात आहेत. यातलं एकही लक्षण असेल किंवा चार पावलं जमत नसतील, तर एक्स-रे काढा. बँडेज नंतर.

ब्रिटनमध्ये ५८४ लोकांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधी लचक भरलेले नव्हते. तीन दिवसांनंतरही पायावर भार देता येत नाही, असे गंभीर दुखापतीचे लोक होते. त्यांना नळीसारखं बँडेज, दोन्ही बाजूंना कडक कवच असलेला ब्रेस, गुडघ्याखालपर्यंतचा मोठा बूट किंवा दहा दिवसांचं प्लास्टर यांपैकी एक दिलं. तीन महिन्यांनी प्लास्टरवाले सगळ्यांत पुढे होते आणि ब्रेसचाही फायदा दिसला. सगळ्यांत भारदस्त दिसणारा बूट मात्र साध्या बँडेजपेक्षा सरस ठरला नाही. नऊ महिन्यांनी चारही गट सारखेच होते.

थोडक्यात, सौम्य लचक असेल तर क्रेप किंवा अँकलेट बांधून लवकर चालायला लागा. ही दोन्ही सूज आवरतात, घोट्याला वळण्यापासून फारसं अडवत नाहीत. बऱ्यापैकी दुखापत असेल तर कवचाचा किंवा लेसचा ब्रेस घ्या, कारण तो पाऊल आत वळू देत नाही आणि वर-खाली हालचाल चालू राहते. पाय टेकवतच नसेल तर थोड्या दिवसांचं प्लास्टर घालायचं का, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

कबड्डी, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांना ब्रेसचा आणखी एक उपयोग आहे. अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेसचा ब्रेस घालणाऱ्यांना घोट्याच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशच झाल्या. ब्रेस लावला की स्नायू ढिले पडतात, असं सांगून मुलांना परावृत्त करू नका. एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम सोबत चालू ठेवा.

मधुमेह असेल तर

वर लिहिलेलं यातलं काहीही मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांसाठी नाही. काउंटरवरून काहीच घेऊ नका. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तंतूने तळव्याला स्पर्श कळतो का ते तपासून घ्या, त्याला दोन मिनिटं लागतात. स्पर्श कळत नसेल तर कडक इनसोलची कड पायात रुतली तरी समजत नाही, आणि घट्ट अँकलेटखाली जखम होते. अशांना एमसीआर (मऊ, बारीक छिद्रांच्या) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा माप घेऊन बनवलेलं पादत्राण लागतं, आणि ते घरातही घालायचं.

चवड्याखाली जखम झालीच असेल तर निवड दोनच गोष्टींत असते: काढता येणारा बूट की काढता न येणारं प्लास्टर. रुग्णाला बूट बरा वाटतो, आंघोळीला सोयीचा. पण २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात पेडोमीटर (पावलं मोजणारं यंत्र) लावून पाहिलं, तेव्हा दिवसभरातल्या चालण्यापैकी फक्त २८ टक्के चालणं तो बूट घालून झालं होतं. बाकी सगळं जखमेवरच. म्हणून रक्तपुरवठा ठीक असेल आणि मोठा जंतुसंसर्ग नसेल, तर गुडघ्याखालपर्यंतचा, काढता न येणारा आधार ही पहिली पसंती मानली जाते. गैरसोय होते खरी, तरी मी घरच्यांना तेच घ्यायला सांगेन.

पाऊल लोळत असेल तर

लकव्यानंतर किंवा गुडघ्यापाशी नस दबल्यामुळे पाऊल उचलत नसेल तर एएफओ (अँकल-फूट ऑर्थोसिस, घोटा आणि पावलाचा आधार) लागतो. पोटरीमागून तळव्याखाली जाणारा हा पॉलिप्रॉपिलीनचा साचा असतो. पातळ, लवचीक एएफओ फक्त पाऊल उचलून धरतो. स्नायू फार ताठरले असतील किंवा गुडघाही डगमगत असेल तर जाड, न वाकणारा लागतो. पण त्यात उकिडवं बसता येत नाही, भारतीय पद्धतीचा संडास कठीण जातो. हे बनवून घ्यायच्या आधीच बोलून घ्या. सांध्याच्या जागी बिजागरी असलेला एएफओ चालेल का, ते विचारा. कार्बन फायबरचा हलका असतो, महागही असतो, आणि नंतर तापवून त्याचा आकार बदलता येत नाही. प्लास्टिकचा बदलता येतो.

एएफओ चपलेत बसत नाही. पूर्ण बंद होणारा, बहुधा एक नंबर मोठा बूट घ्या. नुसता एएफओ फरशीवर घसरतो, म्हणून घरातही बूट हवाच. आत सुती मोजा घाला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा बदला.

एएफओ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑर्थोटिस्टकडूनच (असे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाकडूनच) करून घ्या. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे ऑर्थोटिक्स विभाग आहे. पहिल्या दिवशी तासभर घालून काढा आणि कातडी बघा. लाल वळ अर्ध्या तासात गेला तर ठीक. राहिला तर त्या जागी पेनाने खूण करून लगेच परत जा, साचा तिथे तापवून सैल करून मिळतो.